मी घर जाळलेले नाही

मित्रांनो, मी जुना आहे, एका कडेने काळा पडलेला आहे आणि तळ्याकाठच्या आमच्या वस्तीत माझे नाव फारसे चांगले नाही. मी एक सुंगका आहे. सुंगका म्हणजे लांबट लाकडी पाट. त्यावर समोरासमोर सात-सात घरे कोरलेली असतात आणि दोन्ही टोकांना एकेक मोठे घर असते, त्याला डोके म्हणतात. प्रत्येक लहान घरात सात कवड्या घालायच्या, एका घरातल्या उचलून पुढच्या घरांत एकेक टाकत जायचे आणि होतील तितक्या कवड्या आपल्या डोक्यात जमवायच्या. इतका साधा खेळ आहे. पण एवढ्याशा खेळावर माणसांनी जी अक्कल पाजळली आहे ती ऐकाल, तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

मला घडवले ते लोलो इंगोच्या, म्हणजे इंगो आजोबांच्या, वडिलांनी. ते होड्या बांधत. एका होडीच्या कामातून फणसाचा ओंडका उरला, तो त्यांनी वाया जाऊ दिला नाही. अवजारे होडीची, हातही होडीला सरावलेला, त्यामुळे मीही होडीसारखाच निघालो. माझे एक घर बाकीच्यांपेक्षा खोल खणले गेले आहे आणि त्यावरून आजवर पुष्कळ भांडणे झाली आहेत. खोल घरातल्या कवड्या नीट दिसत नाहीत, असे हरणारा म्हणतो. जिंकणाऱ्याने असे म्हटलेले मी कधी ऐकलेले नाही.

माझ्या अंगावर दोन पिढ्या मोजायला शिकल्या, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. शेवटची कवडी आपल्या डोक्यात पडली तर आणखी एक डाव मिळतो. तेव्हा कोणते घर उचलले तर शेवटची कवडी नेमकी तिथे पडेल, हे पोराला आधीच ताडावे लागते. डाव संपला की जमलेल्या कवड्या पुन्हा सात-सात करून घरांत भरायच्या. ज्या घराला सात पुरत नाहीत ते घर जळाले म्हणतात, पुढच्या डावात ते बंद. जास्त जिंकलात तर पुन्हा उघडते. मुले हा भागाकार तोंडात भाताची मिठाई चघळत करत आणि आपण भागाकार करतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे. मला ते फार आवडत असे.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. आमच्याकडे सांगतात की सुंगका घरात खेळायचा नाही, घरात खेळला तर घर जळते. हे पहिल्यांदा कुणी सांगितले, कुणाचे घर पाहून सांगितले, काही पत्ता नाही. पण सगळे मानतात. त्यामुळे माझे आयुष्य अंगणात, जिन्याखाली आणि झाडाखाली गेले. अर्धे वर्ष आमच्याकडे पाऊस असतो. त्या दिवसांत मला गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवत आणि मी वाळवीला घाबरत पडून राहत असे. निदान माझ्या घरात तरी तसेच होते. बाकीच्यांच्या घरात काय चालत असे ते मला पुढे कळले, आणि कळले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लोलो इंगो म्हातारे झाले, गुडघ्यांनी दगा दिला, तळ्यावर मासे धरायला जाणे सुटले. त्यांची मुलगी परदेशात लोकांची मुले सांभाळायला गेली आणि तिची स्वतःची मुलगी हियास आजोबांपाशी राहिली. सुंगका हा बायकापोरींचा खेळ, असे कोळी लोक त्यांना चिडवत. "इंगो, आता केसांत फूलपण घाल," असे कुणीतरी येता-जाता म्हणायचे. लोलो म्हणायचे, "घालीन की. आधी तू माझ्या नातीला हरवून दाखव." त्या पैजेला कुणी उभे राहत नसे, कारण हियासचे डोळे कवडी हातात येण्याआधीच पुढच्या चार घरांवरून फिरून आलेले असत. ते माझे सगळ्यांत चांगले दिवस होते.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वादळाची बातमी आली. पाऊस अजून यायचा होता, नुसते वारे सुटले होते. वीज गेली. खिडक्या लावल्यावर घरात काळोख झाला, म्हणून लोलोंनी कोनाड्यातल्या संताच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. हियासला वाऱ्याच्या आवाजाची भीती वाटत होती. ती आजोबांच्या मागे लागली.

"लोलो, एकच डाव."

"घरात? डोकं फिरलंय का तुझं?"

"कुणाला कळणार आहे?"

"त्याला कळेल. बघ, इकडंच बघतोय." लोलोंनी संताकडे बोट केले.

"मग त्याचं तोंड भिंतीकडं करा."

लोलो हसले. ते हसले म्हणजे हरले, हे हियासला माहीत होते. त्यांनी मला फळीवरून काढले. आम्ही खेळत होतो. दुसऱ्या डावात वाऱ्याने खिडकीची गंजलेली कडी उखडली, खिडकी उघडी पडली आणि पडदा उडून मेणबत्तीवर गेला. मी पाहिले. सगळे माझ्या समोरच झाले. आमचे छप्पर ताडाच्या पानांचे होते, त्याला पेटायला कितीसा वेळ लागतो. लोलोंनी एका हाताने नातीला धरले आणि दुसऱ्या हातात मी होतो तसाच राहिलो. कपडे राहिले, रेडिओ राहिला, संतही राहिला. माझी ही कड तेव्हाच जळाली. पाऊस आला तोवर विझवायला काही उरले नव्हते.

सगळ्यांत आधी धावून आल्या त्या दुकानवाल्या आलिंग बिनिंग, म्हणजे बिनिंगबाई. मी त्यांच्यावर रागावलेलो आहे, तरी खरे ते सांगतो. त्यांनी भात आणला, सुकी मासळी आणली, हियासला स्वतःच्या मुलाचा सदरा घातला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा कुठं होता?"

"आम्ही खेळत होतो," हियास म्हणाली. खोटे बोलायचे तिला सुचले नाही.

"घरात?"

हियासने मान डोलावली. झाले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वस्तीभर झाली. खिडकीची कडी कुणी पाहिली नाही, पडद्याचे नाव कुणी काढले नाही. सगळे खापर माझ्या आणि त्या पोरीच्या माथी फुटले. मला चौदा घरे आहेत आणि दोन डोकी आहेत, पण एक तोंड नाही. मित्रांनो, सगळे डोळ्यांनी पाहिलेले असून एक अक्षर बोलता येऊ नये, ही काय चीड असते ती मी तुम्हाला सांगू शकत नाही.

दोघांना लोलोंच्या भाच्याने आपल्या घरामागची खोली दिली. मीही तिथे एका पोत्याखाली पडलो. एकदा हियासने विचारले, "लोलो, मी हट्ट केला म्हणून जळलं ना?"

लोलोंनी माझ्या पोत्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हट्ट तुझा होता, पण पाट मी काढला."

त्यांना वाटले, निम्मे ओझे आपण उचलले. पण त्यांनी 'नाही' म्हटले नाही, एवढेच पोरीने ऐकले. त्या दिवसापासून तिने मोजणे सोडले. जेवताना भाचेसून म्हणायची, "चार ताटं घे गं," तर ती ताटांची चवडच आणून ठेवायची. शाळेत गणिताचा तास लागला की पेन्सिल खाली ठेवायची. मोजले की डाव आठवायचा आणि डाव आठवला की छप्पर. भाच्याने मला चुलीत घालायची भाषा सुरू केली, तेव्हा लोलोंनी मला काखोटीला मारले आणि शाळेत नेऊन दिले.

"माम, हा इथं ठेवा. घरात नको आता," ते म्हणाले.

माम रोसाल हियासच्या बाई. तरुण, हौशी आणि नको इतक्या भल्या. त्यांचा भाऊ जहाजावर आहे. तो प्रत्येक बंदरातून एकेक जुना खेळ आणून बहिणीला देतो आणि बाईंनी त्या खेळांनी कपाट भरले आहे. जपानचा एक जाड पाट आहे, त्यावर काळे-पांढरे दगड मांडून जागा वेढायची असते. तो फार मितभाषी आहे. हिंदुस्थानातला एक कापडी सारीपाट आहे, चार हातांचा, त्यावर कवड्या फेकून दान घेतात. त्याच्या घड्या कधी जात नाहीत आणि त्यावरून त्याची सारखी कुरकुर असते. आफ्रिकेतला एक खळग्यांचा पाट आहे, माझा लांबचा चुलतभाऊ शोभावा असा. या खेळांवरून मुलांना गणित शिकवायचे असे बाईंनी ठरवले होते. जपानी दगडांवरून क्षेत्रफळ, सारीपाटावरून कोणते दान किती वेळा पडते ते, आणि माझ्यावरून भागाकार.

कल्पना सोन्यासारखी होती. पण बाईंनी काय केले, तर खेळात सारखी लुडबुड केली. मुलाने चार कवड्या टाकल्या की, "थांब. आता हातात किती राहिल्या? मग डोक्यात किती? वहीत लिही." पोरगा लिहून परत येईपर्यंत कुठल्या घरापाशी थांबलो होतो ते विसरलेला असायचा. सुंगक्यात पहिली चाल दोघे एकदम करतात. हात हातावर आपटतात, कवड्या खडखडतात, ती गंमतच निराळी. बाईंनी ती बंद केली. "आधी एकानं, मग दुसऱ्यानं, शिस्तीत," असे त्या म्हणायच्या. आठवडाभरात मुले मला पाहून जांभया देऊ लागली. वर्गाबाहेरच्या झाडाखाली मी आणि माझ्या चारी बाजूंना पाठ करून बसलेली मुले, असा आमचा गणिताचा तास चालत असे. मी मनात म्हणायचो, बाई, हिशेब माझ्या पोटातच आहे, तुम्ही तो वरून कशाला चिकटवता? पण ऐकणार कोण.

त्यातून हियासच्या काळजीने त्यांनी आणखी एक करून ठेवले. घर जळाले हा शब्दच बंद केला. सात कवड्या न पुरलेल्या घराला 'सुट्टीवर गेलेलं घर' म्हणायचे. मग व्हायचे असे की, घर बंद पडले की मुले क्षणभर थांबायची, वळून हियासकडे बघायची आणि मग म्हणायची, "सुट्टीवर." त्यापेक्षा शिवी दिलेली परवडली असती. ती झाडाच्या पलीकडच्या बाजूला, माझ्याकडे पाठ करून बसायची. आलिंग बिनिंगचा आम्बो तर एकदा बोललाच.

"तिला हात लावू देऊ नका, माम. शाळा पेटेल."

बाईंनी त्याला उभे केले, माफी मागायला लावली. त्याने मागितली. हियास म्हणाली, "असू दे. खरंच आहे ते." बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला समजावले की घराचा आणि खेळाचा काही संबंध नसतो, ही सगळी जुन्या लोकांची समजूत आहे. हियासने मान हलवली. मोठे माणूस मायेने बोलत असले की मुले अशीच मान हलवतात, आणि त्यातले काही पोटात उतरत नाही.

मग पाऊस धरला. झाडाखाली बसणे अशक्य झाले. बाईंनी जपानी पाट वर्गात नेला, सारीपाट नेला, माझा आफ्रिकेचा भाऊ नेला. मला मात्र बाहेर झाडाखालच्या बाकावरच ठेवले. क्षणभर त्या दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहिले, आणि स्वतःशीच म्हणाल्या, "माझा विश्वास नाही. पण उगाच कशाला." मित्रांनो, शिकल्या-सवरलेल्या बाई. काल ज्यांनी पोरीची समजूत घातली, त्याच बाई. माझ्या सगळ्या घरांत पावसाचे पाणी भरले आणि मी तसाच भिजत पडलो. मला इतका संताप आला होता की लाकूड होतो म्हणूनच गप्प राहिलो.

वर्गाचे दार उघडे होते. आत आम्बो जपानी दगडांच्या खेळात सारखा हरत होता आणि कंटाळला होता. त्याने दगड सरकवून दिले.

"माम, सुंगका आत आणा ना. भिजतोय तो."

"आम्बो, पाऊस थांबला की खेळू."

"पाऊस आता नाताळापर्यंत थांबत नाही. आणि आमच्याकडं तर आम्ही पावसात घरातच खेळतो."

सगळी मुले त्याच्याकडे वळली. आपण काय बोलून बसलो ते आम्बोच्या ध्यानात आले, पण उशिरा.

"घरात कुठं?" बाईंनी विचारले.

"स्वयंपाकघरात." त्याने मान खाली घातली. "आईपण खेळते. दार लावून. बाहेर सांगायचं नाही म्हणते. माम, तिला सांगू नका हं, माझी सालटी काढेल."

मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "आम्ही मच्छरदाणीत खेळतो."

"आम्ही पलंगाखाली. कवड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खाली चादर घालतो."

तेव्हा हियास उठली. कुणाला काही न विचारता ती पावसात आली. तिने मला उचलले, उपडे करून पाणी ओतले, स्कर्टने पुसले आणि वर्गात नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवले. शाळेच्या छपराखाली. बाईंनी तिला अडवले नाही.  तिने कवड्यांची पिशवी उघडली आणि माझ्या एका घरावर बोट ठेवले.

"ज्यांच्याकडं घरात खेळतात आणि घर शाबूत आहे, त्यांनी एकेक कवडी इथं घाला. खरं सांगा."

मुले एकमेकांकडे बघू लागली. आम्बो पहिला आला. सगळ्यांत जास्त अडकला होता, तरी तोच पहिला आला, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवले आहे. मग मच्छरदाणीवाली आली, पलंगवाला आला, मग रांग लागली. कवड्या घरात मावेनात, बाहेर ओघळू लागल्या. मी तर थक्क झालो. वस्तीतला प्रत्येक सुंगका पावसाळाभर घरात खेळला जात होता आणि मी एकटा फळीवर वाळवी मोजत होतो. आणि एवढे सगळे लोक त्या दिवशी आमच्या जळक्या घरापुढे मूग गिळून उभे होते.

"माम, तुम्ही?" हियासने विचारले.

बाईंनी खडू खाली ठेवला. "लहानपणी. बहिणीबरोबर, कपड्यांच्या कपाटात." त्यांनी एक कवडी उचलून त्या ढिगावर ठेवली. वर्ग हसला. हियास हसली नाही. तिने शेजारच्या घरात एकच कवडी टाकली. "खेळले आणि जळलं. हे आमचं. आणखी कुणाचं?"

कुणाचेच नव्हते.

"आता जळलेली घरं सांगा. कुणालाही आठवतील ती. पण तिथं सुंगका नसला पाहिजे."

"पाववाल्याची भट्टी," आम्बो म्हणाला. "तिथं दोघं भाऊ झोपा काढतात, ते कसले खेळतात."

"बंदरावरचं गोदाम. तिथं तर कुणी राहतच नव्हतं."

"माझ्या काकांची झोपडी. त्यांच्याकडं कोंबडे आहेत, सुंगका नाही."

त्या तीन कवड्या समोरच्या रांगेत गेल्या. हियास टेबलापाशी वाकून बघत राहिली. एका घरात ओसंडणारा ढीग, शेजारी एकटी कवडी, समोर तीन. बाईंनी तोंड उघडले. मला वाटले, आता विचारणार, एकूण किती आणि वजा किती. पण त्यांनी तोंड मिटले. त्या वर्षात त्यांनी शिकवलेले सगळ्यांत चांगले गणित तेच.

हियासने बोटाने एकेक कवडी बाजूला सारत ढीग मोजला. सगळा. महिनोन्‌महिन्यांनी ती मोजत होती. शेवटची कवडी सारून ती म्हणाली, "एवढे जण खेळले आणि काही झालं नाही."

"नाही झालं," बाई म्हणाल्या.

"आणि ही तीन न खेळता जळली."

"हो."

"मग आमचं का जळलं?"

 उत्तर आम्बोने दिले. "मेणबत्तीनं. पण मेणबत्ती त्या दिवशी सगळ्यांनीच लावली होती. वीज गेली होती ना. आमच्याकडं तर तीन होत्या."

"आमची कडी तुटली," हियास सावकाश म्हणाली. "खिडकीची. ती गंजलेली होती." एवढे बोलून ती खाली बसली आणि रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतले. कुणी 'सुट्टीवर' म्हणाले नाही. मला वाटले, इतके दिवस मी जे सांगू पाहत होतो ते अखेर कुणीतरी माझ्याच अंगावर मांडून दाखवले.

शाळा सुटल्यावर तिने मला मागून घेतले. पाऊस चालूच होता. तिने मला केळीच्या पानाखाली धरले आणि भाच्याच्या घरामागच्या खोलीत आणले. लोलो इंगो जाळे विणत बसले होते. मला पाहताच त्यांचा हात थांबला.

"तो कशाला आणलास? बाहेर ठेव आधी."

"लोलो, बसा. मी काहीतरी दाखवते."

"छपराखाली नको म्हणतो ना."

तिने ऐकले नाही. तिने मला जमिनीवर ठेवले आणि पुन्हा तेच मांडले. ढीग, एकटी कवडी, समोर तीन. कोणती कवडी कुणाची हे नावानिशी सांगितले. "ही मच्छरदाणीवाल्यांची. ही माम रोसालची, कपड्यांच्या कपाटातली. आणि ही आलिंग बिनिंगची, स्वयंपाकघरातली."

लोलोंनी मान वर केली. "बिनिंगची?"

"दार लावून खेळतात. आम्बोनं सांगितलं."

लोलो त्या कवडीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. हसू येत होते की रडू, मलाच कळेना. "ती मला वर्षभर सांगतेय," ते म्हणाले, "की इंगो, म्हातारपणी तरी अक्कल यायला हवी होती."

"लोलो, तुम्ही पाट काढलात म्हणून नाही जळलं. आणि मी हट्ट केला म्हणूनही नाही. मी मोजलंय."

"तू मोजलंस?"

"सगळं. दोनदा."

त्यांनी जाळे बाजूला ठेवले. गुडघ्यांवर हात टेकून ते कण्हत खाली सरकले. मांडलेल्या सगळ्या कवड्या त्यांनी ओंजळीत घेतल्या आणि सात-सात करून घरांत भरायला लागले. हियासही पिशवीतल्या उरलेल्या कवड्या घेऊन आपली बाजू भरू लागली. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांचे हात एकदम कवड्यांवर पडले. ती खडखड मी वर्षभराने ऐकली.

तेवढ्यात खिडकीशी छत्री आली. आलिंग बिनिंग दुकान बंद करून घरी निघाल्या होत्या. त्या आत डोकावल्या आणि तिथेच खिळल्या.

"घरात खेळताय?" त्या म्हणाल्या. "इंगो, एकदा जळून पोट भरलं नाही का तुझं?"

  हियास आजोबांच्या चालीची वाट बघत होती. लोलोंचा हात दुसऱ्या घरावर गेला, घुटमळला, पुन्हा मागे आला. छत्रीवरून पाणी गळत होते, तरी आलिंग बिनिंग हलेनात. त्यांची नजर माझ्या घरांवरून भराभर फिरत होती आणि ओठ हलत होते. मोजत होत्या. मला ते ओठ चांगले ओळखता येतात.

शेवटी त्यांना राहवले नाही. "दुसरं कसलं उचलतोस," त्या खेकसल्या. "पाचवं उचल. शेवटची डोक्यात पडते, दिसत नाही का तुला?"

लोलोंनी पाचवे घर उचलले. शेवटची कवडी डोक्यात पडली. हियासने खिडकीकडे पाहिले आणि अगदी अदबीने म्हणाली, "आलिंग बिनिंग, आत या ना. भिजाल."

आल्या. छत्री दारात ठेवली, जरा वेळ अवघडून उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. चूक झाली असे त्या म्हणाल्या नाहीत, अजूनही म्हणत नाहीत. वस्तीत त्या आजही सांगतात की सुंगका घरात खेळू नये. मी काय करणार.

मित्रांनो, माझी कड काळीच राहणार आहे. मला तेल लावा, पॉलिश करा, असले काही मी मागत नाही. जुना झालो म्हणून भिंतीवर टांगू नका आणि शिकवायला घेतलेत तर मध्येमध्ये थांबवू नका, एवढे केलेत तरी पुष्कळ. मागायचे आहे ते निराळेच. तुमच्या गावातही एखादे मूल असेल, ज्याच्या डोक्यावर असाच काहीतरी आळ घालून सगळे मोकळे झाले असतील. त्याच्यासमोर कवड्या घेऊन बसा, कवड्या नसतील तर चिंचोके घ्या, आणि आपली स्वतःची कवडी आधी टाका.